गाडीतला चार्जिंगचा काटा

आपल्या जालना जिल्ह्यात माल वाहायला आता बैलगाडी फारशी कोणी जुंपत नाही. अंबडची मोसंबी असो, भोकरदनकडची मिरची असो, की मंठ्याकडचे सोयाबीन असो, माल मोंढ्यावर जातो तो पिकअप गाडीतून. नवी गाडी घ्यायची ऐपत सगळ्यांची नसते. म्हणून पुष्कळ जण दुसऱ्याने वापरलेली जुनी गाडी घेतात. तिच्यावर घर चालते आणि कर्जाचा हप्ताही तिच्यावरच फिटतो.

अशा जुन्या गाडीत चालकाच्या समोर लहान लहान गोल मीटर असतात. एक डिझेल किती आहे ते सांगतो. एक इंजिनातले पाणी किती तापले ते सांगतो. एक ऑइलचा असतो. आणि आणखी एक असतो, त्याचा काटा मध्यभागी उभा असतो. त्याच्या एका बाजूला वजाबाकीची खूण असते. दुसऱ्या बाजूला बेरजेची खूण असते. काही गाड्यांत या खुणांच्या जागी इंग्रजी अक्षरे असतात. सी म्हणजे चार्ज, बॅटरीत वीज भरते आहे. डी म्हणजे डिसचार्ज, बॅटरीतून वीज जाते आहे. या मीटरला अँपिअर मीटर म्हणतात. आपले गाडीवाले त्याला चार्जिंगचा काटा म्हणतात. आपणही तेच म्हणू.

हा काटा पुष्कळांना वाचता येत नाही. मलाही येत नव्हता. तो कसा शिकलो, ते आधी सांगतो.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने अशीच एक जुनी पिकअप घेतली. अर्धे पैसे घरचे, अर्धे पतसंस्थेचे. महिन्याभराने तो माझ्याकडे आला. म्हणाला, “गुरुजी, गाडी चांगली हाय. पण बॅटरी अर्धीच भरू राहिली. काटा मधातून पुढं सरकतच नाही.”

डिझेलच्या मीटरमध्ये काटा मध्ये असला म्हणजे टाकी अर्धी. तेव्हा बॅटरीचेही तसेच असणार, असे त्याला वाटले. मलाही तसेच वाटले. मास्तर झालो म्हणून सगळेच कळते असे थोडेच आहे! मी मान डोलावली. त्याने जाऊन उधारीवर नवी बॅटरी आणली. दुसऱ्या दिवशी पाहतो तर काटा पुन्हा मधातच. मग त्याने मनाशी ठरवले की हा काटाच खोटा आहे. त्या दिवसापासून त्याने काट्याकडे पाहणे सोडले.

पुढे फेब्रुवारी महिन्यात मृग बहाराची मोसंबी भरून तो रात्री अंबडहून जालन्याला निघाला. मला सकाळी जालन्याला डोळे दाखवायचे होते. म्हणून मीही शेजारी बसलो. निम्मा रस्ता झाला असेल. मला वाटले, माझ्या डोळ्यांनाच अंधारी आली. पण डोळ्यांचा दोष नव्हता. गाडीचे दिवे पांढऱ्याचे पिवळे झाले होते, पिवळ्याचे तांबूस झाले. भोंगा दाबला तर करडू ओरडावे तसा आवाज आला. इंजिन मात्र नेहमीसारखे घुरघुरत होते. एवढ्यात समोर काळे काही तरी दिसले. ती उसाची ट्रॉली होती. तिला मागे ना दिवा, ना लाल कागद. पोराने ब्रेक दाबला. मागचे कॅरेट धडधड पुढे सरकले. उसाचे वाढे आणि आमची काच यांत हातभर अंतर राहिले असेल.

त्याने गाडी बाजूला घेऊन बंद केली. थोड्या वेळाने सेल्फ मारला, तर नुसता कट्‌कट् आवाज. रात्र तिथेच काढली. सकाळी जालन्याहून गाड्यांचे वायरिंग करणारा कारागीर आला. तोवर मोसंबीचा लिलाव होऊन गेला होता. माल दुपारनंतर मिळेल त्या भावाने द्यावा लागला.

त्या कारागिराने बोनेट उघडले आणि अंगठ्याने फॅनचा पट्टा दाबला. पट्टा सुतळीसारखा आत गेला. तो म्हणाला, “भाऊ, काटा वजाकडं पडला असंल की रात्रभर. बघितलं नाही का?” पाव तासात पट्टा आवळून झाला. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला वायर लावून आमची गाडी चालू झाली. काट्याकडे पाहिले. तो उडी मारून बेरजेच्या बाजूला गेला होता.

पट्टा आवळायला लागला पाव तास. पण एक चांगली बॅटरी फुकट बदलली गेली, एक लिलाव हुकला आणि दोन जीव थोडक्यात वाचले. मी त्या कारागिराजवळ दोन-तीन वेळा जाऊन बसलो आणि त्याला प्रश्न विचारले. पुढे जे लिहिले आहे, त्यातले पुष्कळसे त्याच्याकडून शिकलो. बाकीचे पुस्तकांतून पडताळून घेतले.

आता काटा काय सांगतो ते पाहू.

तुमच्या शेतात सिमेंटचा हौद आहे असे समजा. विहिरीवरची मोटार पाणी उपसते. ते पाणी आधी पिकाला जाते. उरलेले हौदात पडते. मोटार बंद असली की पीक हौदातले पाणी पिते. आता हौदाच्या तोंडाशी नळाला एक पाते बसवले. पाणी आत येऊ लागले की पाते उजवीकडे कलते. पाणी बाहेर जाऊ लागले की डावीकडे कलते. काहीच येत-जात नसले की पाते मध्ये उभे राहते.

गाडीत बॅटरी म्हणजे हौद. इंजिनावर पट्ट्याने फिरणारे यंत्र असते, त्याला अल्टरनेटर म्हणतात. आपल्याकडे त्याला अजून डायनामोच म्हणतात. तो म्हणजे विहिरीवरची मोटार. दिवे, भोंगा, काच पुसायची मोटार हे सगळे पीक. आणि चार्जिंगचा काटा म्हणजे ते पाते.

तेव्हा हे पक्के ध्यानात ठेवा. काटा बॅटरीत किती वीज आहे ते सांगत नाही. बॅटरीत वीज येते आहे की बॅटरीतून जाते आहे, आणि किती जोराने, एवढेच तो सांगतो. हौद काठोकाठ भरला असेल तर आणखी पाणी आत जाणार नाही. पाते मध्येच उभे राहील. म्हणून चालत्या गाडीत काटा मध्ये असणे, किंवा मध्यापासून किंचित बेरजेकडे असणे, हे चांगले लक्षण आहे. माझ्या विद्यार्थ्याची जुनी बॅटरी भरलेली होती. म्हणूनच काटा मध्ये होता!

विजेच्या प्रवाहाचे माप अँपिअर. अँपिअर हे एका फ्रेंच शास्त्रज्ञाचे नाव. तो 1775 साली जन्मला आणि 1836 साली वारला. त्याच्या काळात, 1820 साली, डेन्मार्क देशातल्या अर्स्टेड नावाच्या प्राध्यापकाला एक गंमत दिसली. दिशा दाखवणारी लोहचुंबकाची सुई तारेजवळ होती. तारेतून वीज सोडताच सुई हलली. वीज उलटी सोडली तर सुई उलटी फिरली. तुमच्या गाडीतला काटा याच तत्त्वावर हलतो. आत लोहचुंबक असते आणि जवळून जाड तार गेलेली असते.

आपल्या देशात 1947 साली महिंद्रा कंपनीने मुंबईत विलिज जीप जोडायला सुरुवात केली. त्या जीपमध्येही हा काटा होता. पुढे जीपच्या घडणीच्या किती तरी गाड्या खेड्यापाड्यांत आल्या. त्यांतल्या जुन्या गाड्यांमध्ये आणि जुन्या ट्रॅक्टरांमध्ये हा काटा अजून पाहायला मिळतो. नव्या गाड्यांत तो नसतो. त्याच्या जागी बॅटरीचे चित्र असलेला लाल दिवा असतो. चावी फिरवली की तो लागला पाहिजे. इंजिन चालू झाले की विझला पाहिजे. चालत्या गाडीत लागून राहिला तर चार्जिंग बंद आहे. आणि चावी फिरवल्यावर लागलाच नाही, तर खूश होऊ नका. त्याचा बल्ब गेला असेल. कित्येक गाड्यांत त्या बल्बातूनच अल्टरनेटरला सुरुवातीची वीज मिळते. बल्ब गेला की अल्टरनेटर जागाच होत नाही.

आता आपल्या काट्याची परीक्षा घेऊ. काटा गाडीचा दोष दाखवतो, पण कधी कधी दोष काट्यातच असतो. म्हणून पहिली परीक्षा काट्याची.

इंजिन बंद. चावी काढलेली. दिवे, टेप, पंखा सगळे बंद. आता काटा बरोबर मध्ये उभा पाहिजे. थोडा बाजूला असला तर काचेवर बोटाने हळूच टिचकी मारा. तरी तो वजाकडेच राहिला, तर कुठून तरी वीज गळते आहे. कुठे दिवा चालू राहिला असेल. कुठे वायरीचे आवरण घासून तांबे लोखंडाला टेकले असेल. कधी अल्टरनेटरच्या आतूनही गळती होते. अशी गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी सेल्फ फिरत नाही. मग लोक बॅटरीला शिव्या देतात.

आता इंजिन बंदच ठेवा आणि समोरचे मोठे दिवे लावा. काटा वजाकडे गेला पाहिजे. किती गेला पाहिजे, ते आपल्याला गणिताने काढता येते. एक दिवा 60 वॉटचा धरा. बॅटरी 12 व्होल्टची आहे. 60 ला 12 ने भागा. आले 5. एक दिवा 5 अँपिअर खातो. दोन दिवे 10 अँपिअर. मागचे लहान दिवे धरून थोडे जास्त. म्हणजे काटा वजाच्या बाजूला 10 च्या थोडा पुढे गेला, तर काटा खरा बोलतो आहे. शाळेतला भागाकार कुठे कामी येईल, सांगता येत नाही!

काटा जागचा हललाच नाही तर? मग मीटर बिघडला आहे, किंवा कोणी तरी त्याच्या मागच्या दोन्ही वायरी एकत्र जोडून मीटर वगळला आहे. जुन्या गाड्यांत असे फार होते. मीटर बिघडला की कारागीर दोन वायरी एकाच बोल्टात आवळतो. गाडी चालते, पण काटा मेलेला असतो. जुनी गाडी विकत घेताना ही दिव्यांची परीक्षा अवश्य करा. मालकाला विचारायचीही गरज नाही.

आणि काटा वजाऐवजी बेरजेकडे गेला तर? तर मीटरच्या मागच्या दोन वायरी उलट्या लागल्या आहेत. तो काटा सगळेच उलटे सांगणार. वायरींची अदलाबदल केली की सरळ सांगू लागेल.

काटा खरा आहे हे कळले. आता इंजिन चालू करा. सेल्फ मारताना काट्याकडे पाहू नका. सेल्फला शंभराच्या वर कितीतरी अँपिअर लागतात. एवढी वीज या लहान मीटरमधून गेली तर तो जळून जाईल. म्हणून सेल्फची जाड वायर बॅटरीपासून वेगळी नेलेली असते.

इंजिन चालू झाले की थोडे ॲक्सिलेटर द्या. काटा बेरजेकडे उडी घेईल. सेल्फने जे घेतले ते परत भरले जाते आहे. काही मिनिटांनी काटा हळूहळू मध्याकडे येईल. मग दिवे लावा. काटा क्षणभर हलून पुन्हा मध्याजवळ आला, तर सगळे ठीक आहे. दिव्यांना वीज अल्टरनेटर देतो आहे, बॅटरीला त्रास नाही. उभ्या गाडीत इंजिन अगदी सावकाश चालू असताना दिवे लावले, तर काटा थोडा वजाकडे जाईल. त्याची चिंता करू नका. वेग दिला की तो सरळ झाला पाहिजे. वळण्याचा दिवा लावला की काटा टिकटिक करत हलतो. तेही चालायचेच.

पण गाडी वेगात आहे आणि काटा वजाकडे पडून आहे, तर मात्र थांबा. याचा अर्थ अल्टरनेटर वीज देत नाही आणि सगळा कारभार बॅटरीवर चालला आहे. पेट्रोलची गाडी असेल तर ठिणगी मिळेनाशी होऊन ती बंद तरी पडेल. जुन्या साध्या डिझेल इंजिनाचे तसे नाही. एकदा चालू झाले की त्याला विजेची गरज राहत नाही. बॅटरी रिकामी होत जाते आणि इंजिन चालतच राहते. दिवसा तर काहीच कळत नाही. कळते ते रात्री, दिवे गेल्यावर. आमचे तसेच झाले. अशा गाडीत काट्याशिवाय दुसरे कोणी आधी सांगणारे नसते.

काटा वजाकडे असला तर पहिल्यांदा पट्टा पाहा. इंजिन बंद करा, चावी खिशात घाला, मगच बोनेटमध्ये हात घाला. उपरण्याचे टोक किंवा सदऱ्याची बाही पंख्याजवळ लोंबू देऊ नका. दोन चाकांच्या मधला पट्ट्याचा लांब भाग अंगठ्याने दाबा. तो बोटाच्या रुंदीइतका, म्हणजे साधारण अर्धा इंच दबला पाहिजे. जास्त दबला तर सैल आहे. पट्टा काचेसारखा गुळगुळीत होऊन चकाकत असेल, त्याला तडे असतील किंवा त्यावर तेल सांडले असेल, तरी तो घसरतो. वेग देताच चीं असा आवाज आला तर तो पट्टाच ओरडतो आहे. अल्टरनेटरचा बोल्ट ढिला करून त्याला बाहेरच्या बाजूला ओढायचे आणि बोल्ट पुन्हा आवळायचा. फार ताणू नका. फार ताणला तर बेअरिंग जाते. पट्टा तुटलाच असेल, तर तशीच गाडी रेटू नका. पुष्कळ जुन्या गाड्यांत पाणी फिरवणारा पंपही त्याच पट्ट्यावर असतो. दिवे राहिले बाजूला, इंजिन तापून बसेल.

पट्टा चांगला असेल तर वायरी पाहा. बॅटरीच्या दोन टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी साचते. ती वीज अडवते. कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून ती धुवा. सोड्याचे पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका, झाकणे घट्ट असू द्या. वायर काढताना आधी वजाची काढा, लावताना वजाची शेवटी लावा. याचे कारण सोपे आहे. गाडीचे सगळे लोखंड वजाला जोडलेले असते. वजा जोडलेली असताना बेरजेच्या टोकावरचा पाना लोखंडाला टेकला, तर मोठी ठिणगी उडते. धुवून कोरडे केल्यावर घट्ट आवळा आणि वरून थोडे व्हॅसलीन लावा. बॅटरीपासून इंजिनाला आणि चौकटीला गेलेली जाड वजाची वायरही तपासा. ती गंजलेली असली तर सगळेच बिघडते. अल्टरनेटरच्या मागच्या वायरी हलवून पाहा. आपल्या खडबडीत रस्त्यांनी नट ढिले होतात.

एवढे करून काटा वजाकडेच असला, तर दोष अल्टरनेटरच्या आत असतो. आत कोळशाच्या दोन लहान कांड्या असतात. त्यांना कार्बन म्हणतात. पाटीवरची लेखणी झिजावी तशा त्या झिजतात. किंवा वीज मोजून सोडणारा रेग्युलेटर बिघडतो. आपले कारागीर त्याला कटआऊट म्हणतात. इंजिन बंद ठेवून चावी फिरवा आणि अल्टरनेटरच्या मधल्या भागाजवळ लोखंडी पेचकस धरा. अल्टरनेटरने पेचकस ओढून धरला तर आत वीज पोचते आहे. अजिबात ओढला नाही तर कार्बन, रेग्युलेटर किंवा तिथपर्यंतची वायर यांत दोष आहे. कारागिराला एवढे सांगितले तरी त्याचे अर्धे काम होते, आणि सरळ नवा अल्टरनेटर घालायला तो सांगणार नाही.

काटा थरथरत असेल तर पट्टा घसरतो आहे, कुठला तरी नट ढिला आहे किंवा कार्बन संपत आले आहेत.

काटा तासन्‌तास बेरजेकडेच ताणलेला राहतो, हेही चांगले नव्हे. काही लोकांना वाटते की बॅटरी जोरात भरते आहे, बरेच झाले. पण भरलेल्या हौदात पाणी सोडतच राहिलो तर काय होईल? रेग्युलेटर बिघडला की बॅटरी उकळते. तिचे पाणी लवकर आटते. सडक्या अंड्यासारखा वास येतो. बल्ब वरचेवर उडतात. अशा वेळी रेग्युलेटर बदला. तसे न करता नुसते पाणी घालत राहिलात तर बॅटरी लवकर जाईल. बॅटरीतला एखादा खण खराब झाला तरी काटा असाच बेरजेकडे राहतो. 12 व्होल्टच्या बॅटरीत असे सहा खण असतात.

याच्या उलट एक प्रकार आहे, तो फसवा आहे. सेल्फ नीट फिरत नाही. धक्का मारून गाडी चालू केली तर काटा मिनिटभरातच मध्ये येतो. वाटते, बॅटरी भरली. पण पुन्हा सेल्फ मारला की कट्‌कट्. हौदात गाळ भरला असेल तर तो दोन घागरींतच भरल्यासारखा दिसतो. तसेच हे आहे. बॅटरी जुनी होऊन तिच्या पत्र्या निकामी झाल्या. टोके साफ करूनही असेच होत असेल, तर मात्र नवी बॅटरी घ्यावी लागते.

दोन गोष्टी कधीही करू नका. चालू इंजिनात बॅटरीची वायर काढून ‘डायनामो चालतो का’ ते पाहण्याची जुनी रीत आहे. गाडी चालू राहिली तर डायनामो चांगला, असे म्हणत. ती खऱ्या डायनामोच्या काळची रीत. 1960 नंतर हळूहळू जगभर डायनामोच्या जागी अल्टरनेटर आले. त्यांच्या आत डायोड नावाचे नाजूक तुकडे असतात. चालू गाडीत बॅटरी काढली की विजेचा दाब एकदम वाढतो आणि ते जळतात. चांगला अल्टरनेटर तपासता तपासता मरतो. कोणी कारागीर तुमच्या गाडीवर हा प्रयोग करू लागला, तर त्याचा हात धरा. वयाने मोठा असला तरी धरा.

दुसरी गोष्ट. रात्री बॅटरीतले पाणी पाहायला काडी ओढू नका आणि तोंडात बिडी ठेवून वाकू नका. भरणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. तो भडकतो आणि बॅटरी फुटते. आत गंधकाचे तेजाब असते. ते डोळ्यांत गेले तर लगेच स्वच्छ पाण्याने डोळे धुवायला लागा, पाव तासाहून जास्त वेळ धुवा, आणि मग दवाखाना गाठा. बॅटरीत पाणी घालायचे ते दुकानात मिळणारे डिस्टिल्ड वॉटर. आपल्या विहिरीचे पाणी क्षाराचे असते. भांड्याला बसतो तसा थर त्या पत्र्यांवरही बसेल.

मीटरच्या मागच्या बाजूचेही सांगायला हवे. बहुतेक जुन्या गाड्यांत सेल्फ सोडून बाकी सगळी वीज या मीटरमधून जाते. त्याच्या मागचे दोन नट ढिले झाले तर तिथे उष्णता होते, वायर वितळते, कधी आगही लागते. रबर जळल्याचा वास आला तर गाडी थांबवा. मीटरच्या मागे हात घालण्याआधी बॅटरीची वजाची वायर काढा. लग्नसराईसाठी रंगीत दिवे, मोठा टेप, चार जादा फोकस असे करत करत लोक भार वाढवतात. मीटरवर 30 हा शेवटचा आकडा असेल तर तो 30 अँपिअरसाठीच केलेला आहे. वाढीव भाराची वायर वेगळी घ्या आणि तिला फ्यूज लावा.

बॅटरीत खरोखर किती वीज आहे, हे काटा सांगत नाही असे वर म्हटले. ते पाहायला व्होल्टचे मीटर लागते. कारागिराजवळ ते असतेच. आकडे तुम्हीच वाचा, लाजू नका. गाडी रात्रभर उभी असताना सकाळी 12.6 आले तर बॅटरी भरलेली आहे. 12.2 आले तर साधारण अर्धी. इंजिन चालू करून थोडा वेग दिल्यावर 13.8 ते 14.4 यांच्या दरम्यान आले पाहिजे. वेग देऊनही आकडा 12 च्या घरातच राहिला तर चार्जिंग नाही. 15 च्या पुढे गेला तर जास्त चार्जिंग आहे.

माझ्या विद्यार्थ्याने आता स्टिअरिंगजवळ एक लहान वही अडकवून ठेवली आहे. पट्टा कधी आवळला, बॅटरीत पाणी कधी घातले, हे तो तारीख टाकून लिहितो. परवा मी पुन्हा त्याच्या गाडीत बसलो. रात्रीची वेळ होती. दिवे लावल्यावर त्याने आधी काट्याकडे पाहिले आणि म्हणाला, “गुरुजी, मधातच हाय. चला.”